क्रूझवर दूरच्या बेटावरील बंदरगावात सहाच तास मिळणार आहेत. सहल घ्यावी, स्वतः हिंडावे की जहाजावरच थांबावे? सहा तासांत असे काय दिसणार?

जहाजावर अजिबात थांबू नये. आपण प्रश्नाच्या शेवटी ‘सहा तासांत असे काय दिसणार’ असे जे लिहिले आहे, तेच वाक्य माझे साडू गेली सात-आठ वर्षे मला ऐकवत आले आहेत, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दोन्ही कुटुंबे मिरजेहून रेल्वेने एर्नाकुलमला जाऊन कोचीहून लक्षद्वीपच्या जहाजावर चढलो होतो. रात्री जहाज चालते आणि दिवसा एकेका बेटावर उतरवतात, अशी ती सहल होती. मिनिकॉय हे त्यातले सर्वांत दक्षिणेचे बेट. कोचीपासून ते सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि भाषेने केरळपेक्षा मालदीवला जवळचे आहे, कारण बाकीच्या बेटांवर मल्याळमची बोली चालते, तर येथे मालदीवच्या भाषेशी नाते असलेली महल बोलतात. प्रवाळामुळे मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते. जहाजाच्या कुशीतल्या दारातून खाली हेलकावणाऱ्या होडीत उतरावे लागते आणि दोन खलाशी दंडाला धरून नेमक्या क्षणी सोडतात. माझ्या पत्नीने त्या दारात उभे राहून अंबाबाईचा धावा केला, तो अख्ख्या होडीने ऐकला.

साडू उतरल्याबरोबर काचेच्या तळाच्या होडीसाठी रांगेत उभे राहिले. मी भाड्याची सायकल घेऊन इंग्रजांनी १८८५ साली उभारलेल्या दीपगृहाकडे गेलो. वरून एका बाजूला लगूनचे, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या तळ्याचे, उथळ, हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला काळानिळा खुला समुद्र आणि मध्ये नारळांनी झाकलेली चिंचोळी जमीन एका नजरेत दिसते, आणि एवढ्याशा जमिनीवरचे इतके पुरुष जगभरच्या मालवाहू जहाजांवर नोकरीला का जातात, हे कोणी न सांगता कळते.

परतताना एका घरापुढे मला जो वास आला, तो मी झोपेतही ओळखला असता. मी तीस वर्षे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत केली आहे. तेथे नारळाची नीरा आटवत होते. त्या घरातला मुलगा जहाजावर नोकरी केलेला असल्यामुळे त्याला मोडके हिंदी येत होते. न उमललेला फुलोरा बांधून, ठोकून, रोज पातळ काप देत नीरा कशी उतरवतात, हे त्याने हाताने करून दाखवले. उसाच्या रसासारखीच तीही फार वेळ ठेवता येत नाही. ती आंबण्याआधी चुलीवर चढली पाहिजे. आमच्याकडे गुळाच्या काहिलीत रसातली मळी वर आणण्यासाठी भेंडीचा चीक घालतात, हे मी सांगितले तेव्हा त्याला मी थट्टा करतो आहे असे वाटले. पाक आपल्या काकवीसारखाच, पण धुरकट आणि चवीला किंचित खारा. मी एक बाटली घेतली.

येथूनच वाद सुरू होतो. त्या बाटलीपायी मी जहाज खोळंबून ठेवले, असे साडू प्रत्येक लग्नकार्यात पंगतीला सांगतात. वस्तुस्थिती अशी की शेवटची होडी ३ वाजता होती आणि मी २ वाजून ४० मिनिटांनी धक्क्यावर हजर होतो. लाटा वाढल्यामुळे वयस्कर मंडळींना एकेक करून बसवावे लागले, म्हणून होडी उशिरा सुटली. साडूंनी मात्र सहापैकी तीन तास रांगेत काढले आणि त्यांना दिसली ती मुख्यतः आपल्याच जहाजावरची माणसे. तेव्हा सहा तास कमी नसतात, ते रांगेत घालवल्यास कमी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल: लक्षद्वीपला परवाना लागतो आणि उतरणे गटानेच होते, पण मार्गदर्शकाला सांगून थोडे वेगळे हिंडता येते. परदेशी बंदरात मात्र जहाज आपल्याच सहलीच्या बसला उशीर झाला तर सहसा थांबते, एकट्याने गेलेल्यासाठी थांबत नाही, हे ध्यानात ठेवावे आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे. गुडघे दुखत असतील तर होडीत उतरण्याचा विचार दोनदा करावा. हे मी आधीच लिहायला हवे होते. पावसाळ्यात जाऊ नये. बंगाराम बेट वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. प्रवाळ उचलून आणू नये, आणि कोणाच्या अंगणात शिरण्याआधी विचारावे. मी विचारले होते.

त्या दिवशीच्या वेळा मी रात्रीच केबिनमध्ये बसून रोजमेळीच्या, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या, वहीत लिहून ठेवल्या आहेत. वही यार्डातल्या गाळ्यात आहे. साडूंनी ती अद्याप पाहिलेली नाही.