जर्मन रीसलिंग गोड लागली? आधी अल्कोहोलचा आकडा वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी जर्मनीत माइन्झला आलात, सुपरमार्केटमधून स्वस्तातली रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन आणली, ती सरबतासारखी गोड लागली. लेबलवरचे लांबलचक शब्द कळत नाहीत. नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आवडायची, तर इथे काय घ्यावं, आणि जर्मन वाइन सगळी गोडच असते का?

सगळी गोड नसते. इथली माणसं रोज जी पितात त्यात ट्रोकन, म्हणजे कोरड्या वाइनचा वाटा मोठा आहे. गोडपणाची ख्याती पसरली ती परदेशात ढिगाने विकल्या गेलेल्या लीबफ्राउमिल्शसारख्या स्वस्त वाइनमुळे. तुमच्या हाती बहुधा त्याच जातकुळीतली बाटली लागली.

आता लेबल. सगळे शब्द बाजूला ठेवा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला अल्कोहोलचा टक्का शोधा. यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि तिचा अल्कोहोल करतं. साखर पूर्ण खाऊ दिली तर वाइन कोरडी होते आणि टक्का चढतो. मध्येच थांबवलं तर साखर उरते आणि टक्का खाली राहतो. त्यामुळे रीसलिंगवर १२ किंवा त्याहून जास्त दिसलं तर ती जवळपास नक्की कोरडी. ८ किंवा ९ दिसलं तर गोडवा शिल्लक आहे. १०-११च्या आसपास मधली. बाटलीवर ट्रोकन लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला: लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर, तीही आम्ल पुरेसं असेल तरच. हाल्बट्रोकन म्हणजे साधारण त्याच्या दुप्पट. फाइनहेर्ब या शब्दाला कायद्यात मर्यादाच नाही, पण सहसा ती हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा जराशी पुढे असते.

सगळ्यांचा गोंधळ होतो तो काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या नावांनी. ही उतरंड १९७१च्या कायद्यातली. ती तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती, म्हणजे फळ किती पिकलं होतं, ते सांगते. बाटलीत किती गोडवा उरला ते सांगत नाही. म्हणूनच ‘श्पेटलेझे ट्रोकन’ असं लिहिलेली बाटली मिळते आणि ती खरोखर कोरडी असते. गळ्यावर द्राक्षाच्या घडाचा गरुड असलेल्या, म्हणजे व्हीडीपी या संघटनेच्या सदस्यांनी हा घोळ बराच कमी केला आहे. ते ही नावं बहुतेक करून गोडवा राखलेल्या वाइनलाच देतात, आणि त्यांची सर्वांत वरची कोरडी वाइन ‘जीजी’ म्हणून येते.

आणखी एक सापळा गावाच्या नावाचा. ‘पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशन’ ही पीसपोर्ट गावामागची, मोझेल नदीकडे तोंड केलेली खडी उतरण, त्या खोऱ्यातल्या नामांकित मळ्यांपैकी एक. ‘पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग’ ऐकायला तसंच वाटतं, पण त्या नावाखाली आसपासच्या कितीतरी गावांची द्राक्षं येतात, सपाट जमिनीवरचीसुद्धा. २०२५च्या हंगामापर्यंतच्या बाटल्यांवर कायद्याने दोन्ही चालतं. गिऱ्हाइकावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा बाटलीवर ‘गुट्सआबफ्युलुंग’ शोधा, म्हणजे ज्याचा मळा त्यानेच वाइन करून भरली.

आता खरा मुद्दा. ट्रोकन सापडली म्हणून गोडवा असलेली रीसलिंग कायमची सोडू नका. आमटीत गूळ पडला म्हणून ती काही पक्वान्न होत नाही. चिंच तिला धरून ठेवते. मोझेलच्या काबिनेटमध्ये लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, पण तिच्या जोडीला आम्लही जबरदस्त असतं. पहिला घोट घ्या आणि लगेच गिळू नका. आधी जिभेच्या शेंड्यावर पिकलेल्या पीचची गोडी येते, मग गालांच्या आतून पाणी सुटतं, आणि गिळल्यावर तोंड चिकट न राहता स्वच्छ होतं, हिरव्या सफरचंदाचा चावा घेतल्यासारखं. तुमच्या स्वस्त बाटलीत साखर होती, हा दुसरा भाग नव्हता.

हे आम्ल येतं कुठून? मोझेल खोरं ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, वेलीच्या दृष्टीने थंडच. द्राक्षं पिकतात ती तिथल्या उतारांमुळे. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांपर्यंत खडा आहे. ट्रॅक्टर चढणं शक्यच नाही, सगळी तोडणी हाताने. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचे काळपट तुकडे, दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळनंतर वेलींना ऊब देत राहतात. फळ हळूहळू ऑक्टोबरपर्यंत पिकतं, गोडी भरते तरी आंबटपणा टिकतो. नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी असते, उन्हं वाढली की आम्ल झपाट्याने उतरतं, म्हणून तिथला वाइनवाला तोडणीची घाई करतो. इथला थांबतो.

तुमच्यासाठी प्रयोग: एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या तीन बाटल्या घ्या, ट्रोकन, फाइनहेर्ब आणि ८-९ टक्क्यांची काबिनेट. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी, कोरडीपासून सुरुवात करून शेजारी शेजारी चाखा. मग जेवायला बसा. तळलेल्या सुरमईला ट्रोकन. अळूवडीला फाइनहेर्ब, चिंचगुळाशी तिचं छान जमतं. आणि कोळंबीचं तिखट कालवण असेल तर काबिनेटच. जास्त अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतो, ८-९ टक्क्यांची वाइन तो वाढवत नाही आणि गोडवा जीभ शांत करतो. तांबड्या रश्श्याबरोबर साडेचौदा टक्क्यांची रेड वाइन पिणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगत असते. श्रीखंड किंवा पुरणपोळीबरोबर मात्र यातली एकही नको. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते.

बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे कण दिसले तर घाबरू नका, ते वाइनमधल्याच आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. जुन्या रीसलिंगला कधीकधी पेट्रोलसारखा वास येतो, तोही दोष नाही. मला तो आवडतो, काहींना कधीच आवडत नाही.

शेनिन ब्लांच्या जवळचं काही हवं असेल तर माइन्झच्या भोवतीच्या राइनहेसनमध्येच सिल्वानर ही पांढरी वाइन शोधा. ट्रोकन सिल्वानर वरणभात-तूप-लिंबाबरोबर इतकी बसते की रोजच्या जेवणाला मी तीच काढते. शनिवारी डोम म्हणजे मोठ्या चर्चजवळच्या बाजारात मळेवाले ग्लासावर वाइन देतात, तिथे उभ्याउभ्या चाखून मगच बाटली घ्या.

मोझेलला जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. कोब्लेन्झ-त्रीअर मार्गावर एडिगर-एलर स्टेशनला उतरलात की काल्मोंटच्या पायथ्याशीच आहात. मळ्यांतून शिड्या आणि तारांचे दोर लावलेली वाट आहे, बूट चांगले घाला. त्या दिवसांत फेडरवायसर मिळेल, अजून आंबत असलेली गढूळ वाइन, कांद्याच्या केकबरोबर पितात. ती घरी आणायची असेल तर बाटली पिशवीत उभीच ठेवा. वायू बाहेर पडावा म्हणून तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं.