बंद खोलीचा कुबट वास

प्रश्न : पाहुण्यांची खोली महिनोन्‌महिने बंद असते. उघडली की कुबट वास येतो, उदबत्तीनेही जात नाही. काय करावे?

उत्तर : उदबत्ती वास झाकते, घालवत नाही. आधी त्या खोलीच्या बाथरूममधली जाळी हुंगून पाहा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंटिमीटर पाणी असते. तेच गटाराचा वायू अडवते. वापर नसला की ते काही आठवड्यांत आटते. अर्धी बादली पाणी ओता, वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाच्या थराने पाणी उडायला वेळ लागतो. बेसिन, कमोडलाही पाणी सोडा.

वास गादीचा असेल तर प्लास्टिकचे आवरण काढा, ओल त्यातच कोंडते. बाहेरच्या भिंतीला चिकटलेले कपाट चार बोटे पुढे ओढा. बुरशी बहुतेक त्यामागेच सापडते.