जनरल वॉरन खरंच संथ होता का?

तुम्ही विचारलंय, अमेरिकन यादवी युद्धातली फाइव्ह फोर्क्सची लढाई जिंकूनही उत्तरेच्या फौजेतल्या जनरल वॉरनला त्याच संध्याकाळी का काढलं, तो संथ होता म्हणून का? ‘संथ’ हा शिक्का पुसण्यात त्याची सतरा वर्षं गेली, म्हणून आधी घड्याळ बघू.

31 मार्च 1865. व्हर्जिनियातल्या डिनविडीला उत्तरेच्याच जनरल शेरिडनचं घोडदळ अडचणीत होतं. वॉरनची पाचवी कोर (अनेक डिव्हिजनांची मोठी तुकडी) मध्यरात्रीपर्यंत पोचेल, असं सरसेनापती ग्रँटनं शेरिडनला कळवून टाकलं. वाटेत ग्रॅव्हली रन हा ओढा, पावसानं इतका फुगलेला की पायदळाला उतारच नव्हता. अंधारात चाळीस फुटांचा पूल उभारावा लागला, तो झाला रात्री दोनला. मध्यरात्रीचा वायदा ओढ्याचं पाणी न बघता केलेला होता, हे कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी चूक नकाशाची. शत्रूच्या फळीचा कोपरा शेरिडननं सांगितला तिथं नव्हताच, सातआठशे यार्ड पश्चिमेला होता. डावीकडची आयर्सची डिव्हिजन त्या बाजूनं मार खात तिकडं वळली. उजवीकडचा क्रॉफर्ड मात्र आपली डिव्हिजन घेऊन रानातून सरळ उत्तरेला चालत राहिला आणि तिसऱ्या डिव्हिजनचा ग्रिफिन त्याच्या मागोमाग. त्यांना वळवायला वॉरन स्वतः घोडा घेऊन गेला आणि नेमका तेव्हाच शेरिडनला तो दिसेना. वळवलेल्या त्याच तुकड्या शत्रूचा सेनापती पिकेटच्या पिछाडीवर उतरल्या. संध्याकाळी सातच्या सुमारास शेरिडनचा हुकूम आला: कोर ग्रिफिनकडे सोपवा. वॉरनला काढायची मुभा ग्रँटनं शेरिडनला लढाईआधीच देऊन ठेवली होती. माझ्या मते निर्णय आधी झाला होता, कारण नंतर सापडलं.

1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप ही टेकडी मोकळी पडलीय हे ओळखून तिथं फौज धाडणारा हाच माणूस. स्वयंसेवक फौजेतला मेजर जनरल युद्धानंतर इंजिनिअर्समधला साधा मेजर झाला आणि रॉक आयलंडचा पूल बांधत बसला. चौकशी मागत राहिला. ग्रँट राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत ती मिळाली नाही, 1879 मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष हेज यांनी दिली.

कुणी संथपणाचा मुद्दा काढला, तर पूल किती वाजता झाला एवढंच विचारा.

अर्थात चौकशीनं त्याला धुतल्या तांदळासारखं ठरवलं नाही. 31 तारखेला त्यानं आघाडीजवळ असायला हवं होतं आणि रात्री ग्रिफिन-क्रॉफर्डला लवकर हलवायला हवं होतं, असं म्हटलंच. मुख्य ठपके मात्र टिकले नाहीत. निकाल नोव्हेंबर 1882 मध्ये छापून आला. वॉरन 8 ऑगस्टलाच गेला होता. स्वतःच्या इच्छेनुसार साध्या कपड्यांत, लष्करी मानवंदनेशिवाय त्याला पुरलं.