पूर ओसरला, यादी मात्र अजून फिरतेय

या महिन्यातली चार पत्रं एकाच विषयावरची निघाली. स्थानिक पालिकेकडे स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, त्यासोबत जी माहिती दिली तिचं पुढे होतं काय? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण ते वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या नगरपालिकेच्या एका गावात राहते, वय २४. २०१९ च्या पुरात छावणीत जेवण वाटायला जायचे, तेव्हापासून पालिकेच्या यादीत माझं नाव आहे. मागच्या पावसाळ्याआधी नवीन फॉर्म भरून घेतले. पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, रक्तगट, आधार आणि पासबुकची झेरॉक्स, फोटो, सगळं दिलं. मग त्याची यादी करून पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, ग्रुपात दोनशेवर लोक, आणि प्रिंट पालिकेच्या बोर्डावर लावली. त्यात माझा नंबर, पत्ता, आधार नंबर सगळं. आता रात्री अनोळखी व्हिडिओ कॉल येतात, लोनवाले येतात, एका इच्छुक उमेदवाराचा वाढदिवसाचा मेसेजसुद्धा आला, त्याला माझी तारीख कशी कळली? घरचे म्हणतात नाव काढून टाक. काय करू?

अगं, आधी हे की यात तुझं काहीच चुकलेलं नाही. तू पुरात माणसांना मदत करायला नाव दिलंस, बोर्डावर झळकायला नाही. घरच्यांची काळजी खरीय, पण नाव तू का काढायचं, यादी त्यांनी काढायची.

आता बघ, मागितलेलं सगळंच चूक नव्हतं. पुराच्या कामाला रक्तगट लागतो, पोहता येतं का हे लागतं, घरच्या एका माणसाचा नंबर लागतो. आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक तयार करायची सरकारी आपदा मित्र योजना आहे, तिच्यात १२ दिवसांचं प्रशिक्षण असतं, विमा असतो, तिथे वारसाचं नाव विचारणार हे समजू शकतं. मानधन किंवा प्रवासखर्च देणार असतील तर पासबुकही ठीक. पण आधारचे बारा आकडे कशाला? स्वयंसेवक होणं म्हणजे रेशन किंवा अनुदान घेणं नव्हे. ओळख पटवायची तर मतदार कार्ड बघा, लायसन्स बघा, बघून परत द्या. आणि आधारच द्यायचं झालं तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, साईटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधार नंबर जाहीर लावणं तर आधार कायद्यातच मना आहे, कलम २९, त्यामुळे बोर्डावरच्या त्या कागदाला कुठलंही कारण चालत नाही.

पूरग्रस्तांना नंबर हवेत म्हणून यादी लावली असं कदाचित सांगतील. त्यासाठी कंट्रोल रूमचा एक नंबर पुरतो, फोन तिथे येईल आणि तिथून तुम्हाला निरोप जाईल. चोवीस वर्षांच्या मुलीचा घरचा पत्ता कुठल्याच पूरग्रस्ताला लागत नाही.

कायद्याचं म्हणशील तर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तो पालिकेलाही लागू. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या आसपास. हा कायदा कागदी रजिस्टरला लागत नाही, पण तोच कागद एक्सेलमध्ये टाइप केला की लागतो, पीडीएफ झाली की लागतो. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, त्याच कामाला वापरायची, नीट सांभाळायची, हा त्याचा गाभा. सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. काम संपलं की माहिती पुसून टाका असा हक्क या कायद्यात आहे, तो खासगी कंपनीपुढे चालतो, मात्र राज्य आणि त्याच्या यंत्रणांना कलम १७ मध्ये त्यातून सूट दिलीय, आणि पालिका त्यातच येते. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते, कारण माणसाची सगळ्यात जास्त माहिती सरकारी कपाटातच असते. पण सूट पुसण्यापुरती आहे, चव्हाट्यावर मांडायची मुभा त्यात नाही.

आता करायचं काय. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिही, मराठीतच. चार मागण्या : बोर्डावरची यादी आज काढा, ग्रुपवरची पीडीएफ डिलीट करा, माझी माहिती कुणाकुणाला दिली ते लेखी कळवा, आणि आधारची झेरॉक्स परत द्या. दोन प्रती ने, एक आवक विभागात दे आणि दुसरीवर आवक नंबराचा शिक्का मारून घे, त्याशिवाय पायरी उतरू नकोस. जाण्याआधी बोर्डाचा फोटो काढ, ग्रुपवरच्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घे, तारखेसकट. तीस दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. त्यात तुझ्याच फॉर्मची प्रत आणि यादी कुणाच्या आदेशाने प्रसिद्ध केली ती टिपणी माग. फाइलवर सही कुणाची आहे हे विचारलं ना की कार्यालय हलतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

रात्रीच्या कॉलचं वेगळं. नुसतं ब्लॉक करून गप्प बसू नकोस, नंबर आणि वेळ लिहून ठेव आणि पोलिसात तक्रार दे. पैशाचा काही प्रकार झाला तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन कर. आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी साईटवर तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते एकदा बघून घे.

अजून एक, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात आपण काय करतो, आधारचा फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि तो प्रिंट काढतो. मी गेल्या महिन्यात एका दुकानात उभी होते, त्याने डाउनलोडचा फोल्डर उघडला आणि खाली सरकवत गेला, सरकवतच गेला, आधार, पासबुक, मार्कशीट, एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, कुणाचं काय कुणाचं काय. त्याच्या मनात पाप नव्हतं, पुसायला हवं हेच त्याला माहीत नव्हतं. मी समोर उभं राहून माझं पुसायला लावलं, रिसायकल बिनमधूनसुद्धा. तूही लाव.

प्रश्न : मी पुण्याची, गेली सहा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथल्या कौन्सिलच्या लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला व्हॉलंटियर म्हणून अर्ज केला तर दोन रेफरन्स मागितले, डीबीएस तपासणी सांगितली, वर डेटाबद्दल दोन पानांचं पत्रक दिलं. फुकट काम करायचं तर एवढं कशाला? आणि रेफरन्समध्ये माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला बघता येईल का?

मुलांसोबत काम आहे म्हणून डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का ही तपासणी. व्हॉलंटियरला तिची सरकारी फी पडत नाही. ते पत्रक मात्र कंटाळा न करता वाचा. कुठली माहिती, कशासाठी, किती दिवस ठेवणार आणि कुणाला देणार हे सगळं त्यात असायला हवं. डीबीएसचा तपशील निर्णय झाल्यावर साधारण सहा महिन्यांच्या वर ठेवू नये असा तिथला दंडक आहे. तुमच्याबद्दल कौन्सिलकडे काय काय आहे ते मागायचा हक्क तुम्हाला आहे, फी नाही, एरवी एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार. फक्त गोपनीय म्हणून दिलेला रेफरन्स त्यातून वगळलाय, २०१८ च्या तिथल्या डेटा संरक्षण कायद्यात व्हॉलंटियरच्या रेफरन्सचाही स्पष्ट उल्लेख आहे. तो बघायचाच असेल तर ज्यांनी लिहिला त्यांनाच विचारा, आपलीच माणसं असतात, दाखवतील.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, वय १६, एनएसएसमध्ये आहे. महापालिकेच्या वृक्षारोपणाला आणि निर्माल्य गोळा करायला जाते. प्रत्येक वेळी जीपीएस कॅमेऱ्याचा फोटो काढून पाठवायला लावतात आणि ते फोटो पालिकेच्या पेजवर नावासकट टाकतात. आई म्हणून मला बरं वाटत नाही. मी उगाच बाऊ करतेय का?

नाही, अजिबात नाही. त्या फोटोवर काय छापलेलं असतं ते एकदा मोठं करून बघा. तारीख, वेळ, गल्लीचं नाव, पिनकोड, अक्षांश-रेखांश. झाड सोसायटीच्या दारात लावलं असेल तर तो तुमच्या घराचा पत्ता झाला, वर मुलीचा चेहरा आणि नाव. कामाचा पुरावा ऑडिटला लागतो हे मान्य, तर मग झाडाचा फोटो काढा ना, खड्ड्याचा काढा, हातांचा काढा. चेहरा कशाला?

नव्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, आणि ती खरंच पालकांनीच दिलीय याची खातरजमाही करावी लागते. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना चिठ्ठी द्या : मुलगी काम करेल, एनएसएसचे दोन वर्षांचे २४० तास पूर्ण करेल, पण तिचा नावासकट किंवा ठिकाणासकट फोटो कुठल्याही पेजवर जाणार नाही. आणि मुलीला न सांगता देऊ नका, ती मैत्रिणींत वेगळी पडेल अशी भीती तिलाच वाटत असते. दोन-तीन आयांनी मिळून दिली तर फारच उत्तम.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत लिपिक आहे. स्वयंसेवकांचं टेबल माझ्याकडे. मॅडम, आम्हाला कुणी काही शिकवत नाही, वरून फोन येतो की संध्याकाळपर्यंत यादी पाठवा आणि आम्ही पाठवतो. गुगल फॉर्म मी माझ्याच जीमेलवरून केलाय. माहिती अधिकारात एकाने सगळ्या स्वयंसेवकांची नंबरसकट यादी मागितलीय. शिवाय २०१९ पासूनच्या फॉर्मचे गठ्ठे कपाटात आहेत, रद्दीत देऊ का? नीट करायचं तर कुठून सुरुवात करू?

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी घोळ वाईट हेतूने होत नाही, संध्याकाळपर्यंत यादी पाठवा यातूनच होतो.

पहिलं ते जीमेल. उद्या तुमची बदली झाली की सगळ्यांची माहिती तुमच्या खासगी खात्यात राहिली, तुमच्यावरही बालंट आणि पालिकेच्या हातातही काही नाही. कार्यालयाच्या ईमेलवर फॉर्म नव्याने करा, जुना बंद करा, आणि उत्तरांच्या शीटचं शेअरिंग तपासा, लिंक असलेला कुणीही बघू शकेल असं असेल तर आत्ताच बदला. फॉर्ममध्ये आधारचा रकाना ठेवूच नका. वर मराठीत चार ओळी लिहा, ही माहिती कशासाठी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, तक्रार कुणाकडे. नव्या कायद्यातही अशी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत मागता येते, मराठी त्यात आहेच.

ग्रुपचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी करा, तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये लोकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, हे लक्षात ठेवा, नाहीतर ऐन पुरात निम्म्यांना निरोपच पोचणार नाही.

आणि वरून फोन आला की यादी पाठवा, तेव्हा एवढंच विचारा, साहेब कशासाठी हवीय, त्याप्रमाणे रकाने ठेवतो. जेवणाची पाकिटं मोजायला आकडा पुरतो. हे लेखी मागून घेतलंत तर अजून चांगलं, तुमच्या संरक्षणासाठी सांगतेय.

माहिती अधिकाराच्या अर्जावर : किती स्वयंसेवक, काय काम केलं, मानधनावर किती खर्च झाला, हे जरूर द्या. मोबाईल, पत्ता, आधार, रक्तगट देऊ नका, कलम ८(१)(j) मध्ये ते बसतं. हे कलम आता बदलून फार रुंद केलंय आणि त्याच्या आड अधिकाऱ्यांचीच माहिती दडवली जाईल ही भीती मला वाटते, म्हणून त्याच्या नावाखाली खर्चाचे कागद कृपा करून अडवू नका. व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे.

रद्दीत मात्र नको, हात जोडून सांगते. पाठकोरा कागद म्हणून तो भेळवाल्याकडे जातो, आधारच्या झेरॉक्ससकट. आणि तसंही तुम्हाला एकट्याने तो देता येत नाही, महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा कायदा आहे. तुमच्या रेकॉर्डरूममध्ये अ, ब, क, ड वर्गवारी असेलच, अ कायमचा आणि ड सगळ्यात कमी मुदतीचा. हे फॉर्म कुठल्या वर्गात धरलेत ते आधी बघा, धरलेच नसतील तर टिपणी ठेवून मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी घ्या. मुदत संपलेले गठ्ठे तुमच्या समोर मशीनमध्ये फाडून घ्या, रजिस्टरला कुठल्या वर्षाचे, किती फॉर्म, कुठल्या तारखेला नष्ट केले ते लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. मग पहिल्या पत्रातल्या मुलीसारखी कुणी तुमच्या टेबलाशी येऊन माझ्या झेरॉक्सचं काय झालं म्हणून विचारेल, तेव्हा ते पान उघडून तिच्यासमोर ठेवता येईल.