‘मी काही लेखक नाही’ म्हणण्यातली सोय

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

कथा पोचली. सोबतची चिठ्ठीही वाचली: ‘मी काही लेखक नाही, सहज सुचलं ते खरडलंय, वेळ मिळाला तर बघा.’ आधी या चिठ्ठीबद्दलच बोलते.

दिसायला हा विनय आहे, पण त्यात मोठी सोय आहे. लेखक नाही म्हटलं की कुणी जाब विचारत नाही. मधली चार पानं पाल्हाळ का झाली, शेवट का घाईत उरकला? ‘अहो, मी कुठे लेखक!’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दिवसभर पतसंस्थेत आकडे जुळवून, रात्री स्वयंपाकघर आवरून सतरा पानं कुणी सहज खरडत नाही गं.

आता तू बहिणाबाईंचं नाव घेशील, सगळेच घेतात. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. तुझ्या ओळी उतरवून घ्यायला कोण बसलंय? त्यापेक्षा नारायण सुर्व्यांकडे बघ. गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग मास्तर झाले. पहिला संग्रह १९६२चा आणि त्याचं नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’! कुणीतरी येऊन शिक्का मारेल म्हणून थांबलेला माणूस असं नाव ठेवेल का? परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद १९९५चं, म्हणजे फार नंतरचं.

आता कथा. आजी एसटी स्टँडवर उतरते, नातीला बघते आणि ‘तिचे डोळे पाणावतात’. हे वाक्य तुझं नाही, शंभर कथा फिरून तुझ्याकडे आलंय. त्याच्याच खाली मात्र आजी तिकिटामागे लिहून दिलेले तीन रुपये मागायला परत गाडीत चढते. तिथे मी सरळ होऊन बसले. हे तुला दिसलं आणि कागदावर आणता आलं. पण ते तू दोन ओळींत संपवलंस आणि पाणावलेल्या डोळ्यांना अख्खा परिच्छेद दिलास. आपलं कुठलं, उसनं कुठलं हे ओळखून उसनं खोडायला बसलीस की झालीस लेखक. छापून येणं पुढचं. (आणि छापून येतं ते सगळं गुणावरच येतं असंही नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

नोकरी सोडायचं डोक्यात आणू नकोस. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. घरात मात्र स्पष्ट सांग, नऊ ते दहा मी लिहिते. सासूबाई हसतील. हसू देत.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा फार वेळ नाही. शेवटची दोन पानं काढून टाक. आजी गावाला परत का गेली हे समजावून सांगायची गरज नाही. तीन रुपयांचा प्रसंग पानभर होऊ दे. कंडक्टरला बोलू दे, खोळंबलेल्या प्रवाशांना कुरकुरू दे. आणि आजी दारात गाडी अडवून उभी असताना नात काय करत होती, पुढे झाली की ओळख नसल्यासारखी लांब उभी राहिली, ते तू लिहिलेलंच नाहीस. ते लिही.

तुझ्या,
बाई