ससा येण्याआधी: पिंजऱ्याचं शेवटी बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लेक चौथीत, ससा पुढच्या रविवारी येणार, दोन बाय दीड फुटांचा पिंजरा घेऊन झालाय, आणि आता 'अजून काय काय लागेल?' मी बिबवेवाडीत सात वर्षं दोन ससे सांभाळतेय, त्या जोरावर सांगते. दुकानदार पिंजरा परत घेत असेल तर आधी तो देऊन या. आणि जमलं तर रविवार पंधरा दिवस पुढे ढकला. लेक रुसेल, रुसू दे.

तेवढ्या जागेत ससा फक्त वळू शकतो. त्याला सलग तीन उड्या मारता आल्या पाहिजेत, मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला टेकता कामा नयेत. मी बोहरी आळीतून वेल्डमेशची जाळी आणून हॉलचा एक कोपरा अडवला आणि टोचू नये म्हणून कडांना जुना पाइप चिरून लावला. जाळी फक्त बाजूंना, तळाला कधीच नको. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारांवर बसून जखमा होतात. आपल्या गुळगुळीत फरशीवर तो घसरतोही. घरातली जुनी सतरंजी अंथरा, धागे निघत असतील तर मात्र नको.

वायरींचं मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. थोरला आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंटरनेट बंद. कंपनीला फोन करून झाला, राउटर दोनदा चालू-बंद करून झाला, मग सोफ्यामागे वाकून बघितलं तर वायर कात्रीने कापावी तशी तिरकी, स्वच्छ तोडलेली. शेजारी हे महाराज पाय पसरून आडवे. फ्रिजची वायर असती तर? त्यांचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणजे कुरतडणं थांबणार नाही. वायरी केसिंग पट्टीत घाला नाहीतर दोन फुटांच्या वर न्या. कुंड्यांमधला मनी प्लांट आणि कण्हेर दोन्ही विषारी, त्यांना आजच घराबाहेर काढा.

आता पुण्याचा उन्हाळा. सशाला घाम येत नाही, जास्तीची उष्णता तो बरीचशी कानांवाटे टाकतो. तीस अंशांच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बाल्कनी पश्चिमेला असेल तर तिचा विचारच सोडा. माठ आडवा करून, गडगडू नये म्हणून दोन बाजूंना विटा लावून ठेवा. दुपारी आमचे दोघे त्यातच असतात. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कान हाताला तापलेले लागले आणि ससा धापा टाकत असला तर ओल्या हाताने कान पुसा आणि लगेच डॉक्टर गाठा. गार पाण्यात बुडवू नका. एरवीही अंघोळ घालायची नसते.

खाण्याचं सांगते, कारण खरे घोटाळे इथेच होतात. मला दुकानात सांगितलं होतं, 'गाजर द्या, चपाती द्या, काही होत नाही.' पोट भरायचं ते वाळलेल्या गवताने, दिवसभर, हवं तेवढं. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. जोडीला ताजी हरळी चालते, पण रस्त्याकडेची किंवा औषध मारलेल्या बागेतली नको. लसूणघासात (गुरांच्या चाऱ्यात) कॅल्शियम जास्त, तो ससा सहा महिन्यांचा होईपर्यंतच. मेथी-कोथिंबीर मूठभर, गाजर म्हणजे त्याचा पेढा. चपाती बंद. पावसाळ्यात गवताला कुबट वास आला की सरळ फेका.

सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, अंग चोरून कोपऱ्यात बसला, की सकाळची वाट बघायची नाही. धाकटीला असं झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि पहिल्या दोन दवाखान्यांनी 'आम्ही ससे बघत नाही' म्हणून फोन ठेवला. म्हणून डॉक्टर आज शोधा. फोनवर दोन प्रश्न विचारा: ससे नेहमी तपासता का, आणि नसबंदी करता का? तोंडावाटे दिलेलं अँटिबायोटिक अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाच्या जिवावर बेततं आणि कुत्र्यांच्या गोचिडांचा फिप्रोनिलचा फवाराही. हे ज्यांना सांगावं लागत नाही ते डॉक्टर आपले.

ससा आणताना तो आठ आठवड्यांचा तरी असावा. नर की मादी, यावर दुकानदाराचा शब्द धरू नका. माझ्या 'दोन माद्यां'पैकी एकीचं नाव पुढे बदलावं लागलं! डॉक्टरांनी वेळेत ओळखलं म्हणून बरं, नाहीतर महिन्याभरात पाळणे हलले असते. कुणी टेकडीवर सापडलेलं पिल्लू देऊ केलं तर घेऊ नका. तो रानससा, जात वेगळी, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

मे महिन्यात गावी जाता असं लिहिलंय तुम्ही. एसटीच्या प्रवासात सशाला नेऊ नका. शेजारच्या काकूंना आत्ताच विचारून ठेवा आणि रोजच्या लेंड्या किती मोठ्या, किती असतात ते त्यांना एकदा दाखवून ठेवा. त्या नाही म्हणाल्या तर मला मेसेज करा, आमच्या कोपऱ्यात जाळी वाढवता येते.