आयएसओ एवढी मोठी का? वाचकांचे प्रश्न

साइटवर आयएसओ (इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) ५.८ जीबीची होती, उतरल्यावर विंडोज ५.४० दाखवतंय. फाइल अर्धवट आली का?

बहुधा पूर्ण आली आहे. साइटचा जीबी १०० कोटी बाइटचा, विंडोजचा १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. ५.८ अब्जाला या आकड्याने भागा, ५.४० येतात. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली की कंसात पूर्ण बाइट दिसतात, ते साइटशी ताडून पाहा.

अर्थात बाइट जुळले म्हणजे फाइल शाबूत, असं नव्हे. मधलेच काही बाइट बिघडले तरी आकार तोच राहतो. त्यासाठी एसएचए-२५६ चेकसम असतो, फाइलच्या बाइटवरून काढलेला ६४ अंक-अक्षरांचा ठसा; तोही साइटशी ताडून पाहायचा. मी तो बघायचा कंटाळा करायचो. एकदा इन्स्टॉलेशन अर्ध्यावर लटकलं आणि अख्खी रात्र गेली, तेव्हापासून कंटाळा करत नाही.

३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे, तरी 'फाइल फार मोठी' म्हणतो!

जागा आहे, पण पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) आहे. त्यात फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढची फाइल मावतच नाही. नुसती ठेवायची असेल तर पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या (आधीचा डेटा पुसला जाईल).

पण पेनड्राइव्हवरून मशीन सुरू (बूट) करायचं असेल तर कॉपी करून भागत नाही, रुफससारख्या टूलने आयएसओ पेनड्राइव्हवर लिहावी लागते. विंडोजच्या बाबतीत तीच अडचण पुन्हा आडवी येते: आतली 'इन्स्टॉल डॉट विम' ही एकच फाइल हल्ली ४ जीबी ओलांडते, आणि बरेच यूईएफआय (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणारं फर्मवेअर) फक्त फॅट३२ वाचतात. रुफस मग एनटीएफएस ही विंडोजची पद्धत वापरतो आणि सोबत एक छोटं बूट विभाजन जोडतो. हाताने करायचं तर विंडोजच्या डिझम या कमांडने विमचे तुकडे पाडा.

लिनक्स टाकायचंय. डेबियनची नेटइन्स्ट एक जीबीच्याही आत, उबुंटू डेस्कटॉप मात्र ५-६ जीबी. कोणती घेऊ?

नेटइन्स्टमध्ये इन्स्टॉलर आणि पायापुरती पॅकेजेस असतात, बाकी सगळं इन्स्टॉल करताना नेटवरून येतं. म्हणजे डाउनलोड वाचत नाही, पुढे ढकललं जातं. उबुंटूच्या आयएसओत इन्स्टॉल न करता चालणारी अख्खी लाइव्ह सिस्टिम दाबून भरलेली असते. उबुंटूच्या १२.०४ आवृत्तीपर्यंत ती ७०० एमबीच्या सीडीत बसवायची शिस्त होती, १२.१० ला ती सुटली. एकच मशीन आणि नेट भरवशाचं असेल तर नेटइन्स्ट. चार मशीनना टाकायचं तर मोठीच घ्या.

आयएसओ ६ जीबीची, मग डिस्कवर ६ जीबी मोकळे पुरतील?

मुळीच नाही. आतला माल दाबलेला असतो. विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते.